चार फुटांची रेघ

वाणसामानाच्या वहीत, मागच्या पानावर,
पंधरा दिवस दोन हॉटेलं भांडत होती.

एक पार्काच्या आत. नाव जलक्रीडा.
खोलीतून थेट घसरगुंडी दिसते म्हणे,
पार्काचं तिकीट भाड्यातच,
न्याहारीला इडली, पोहे, शिवाय तो कॉर्नफ्लेक्सचा डबा
जो घरी आणला की कुणी खात नाही.
दुसरं रस्त्यापलीकडे, सुर्वे लॉजिंग.
फोनवर सुर्वेबाई म्हणाल्या, "गरम पाणी सातपर्यंतच हां,
आणि मासे कुठले ते हर्णैला बोटी लागल्यावर सांगेन."
भाडं निम्मं. तिकिटं वेगळी.

लोट्याच्या कंपनीतून ह्यांना तीन दिवसांची सुटी,
तीही पाळी बदलून, तांब्यांच्या हातापाया पडून.
मी बेरीज करायची, हे खोडायचे.
धाकट्याला फक्त टीव्ही हवा होता, कुठंही.
थोरली, ऋजुता, सगळं ऐकायची
आणि काहीच मागायची नाही.
ह्या पोरीचं मला तेच भय वाटतं.

सगळं अडलं होतं एका रेघेपाशी.
चार फुटांच्या आत मूल अर्धं,
वर गेलं की अख्खं.
अर्धं धरलं तर जलक्रीडा बसत होतं,
पेट्रोल आणि परतीच्या वडापावांसकट.
ह्यांनी तिला फ्रीजला टेकवून उभं केलं,
शिसपेन डोक्यावर आडवी धरली,
टेप लावली, पुन्हा लावली,
म्हणाले, "आहे की आतच. केस दाबले तर."

दापोलीच्या पुढे उतार लागेपर्यंत धाकटा दोनदा ओकला.
मग सुरूची झाडं, मग कमान.
दारात सिमेंटची मगर, दोन पायांवर उभी,
पुढे केलेल्या पंजाखाली लाल रेघ.
"बेबीला इथं उभं करा," खिडकीतला मुलगा म्हणाला.

ती गेली. फ्रॉक घेरदार होता,
तरी मला कळलं,
आत गुडघे वाकले होते.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
श्वास धरून, मान खाली घालून
पेन्शनच्या रांगेतल्या म्हातारीसारखी लहान झालेली.
पंजा आणि केसांमध्ये दोन बोटं हवा.

"हाफ," मुलगा म्हणाला. मग सवयीनं,
"मोठ्या घसरगुंडीवर नाही सोडणार हां. तिथं चार फूट लागतात."
तिनं मान हलवली. चालेल.
पाटी तिनं गाडीतूनच वाचली होती.

ह्यांनी पाकीट उघडलं होतं.
मी म्हटलं, "ऋजू, सरळ उभी राहा."
"आई, पण..."
"सरळ."
पंजा तिच्या कपाळाला लागला.

तिकिटं काढली, सामान रस्त्यापलीकडे नेलं.
सुर्व्यांच्या गादीला डांबरगोळ्यांचा वास,
नळ डावीकडे फिरवला की उजवीकडून गळायचा.
रात्री बांगडे. हे गप्प जेवत होते,
मला वाटलं राग आहे, तर हिशेब चालला होता.
"एकोणीस वेळा घसरली," हात धुता धुता म्हणाले,
"म्हणजे एका घसरणीला बेचाळीस रुपये.
उद्या अजून दहा झाल्या की परवडलं."
उद्याचं तिकीट वेगळं, हे मी बोलले नाही.

गॅलरीतून पार्क दिसत होता, पाणी बंद केलेला.
निळ्या दिव्यात एक माणूस घसरगुंडीच्या आत बसून
खराट्यानं शेवाळ घासत उलटा वर सरकत होता.
त्याच्यामागे कुठंतरी समुद्र, नुसता आवाज.

दिवा घालवायला आत आले
तर ऋजूचे पाय चादरीबाहेर.
चादर खाली ओढली.
खांदे उघडे पडले.